गोळा मऊ असेपर्यंत

पर्थेसच्या आजारात वाढत्या मुलाच्या मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो गोळा पूर्ण किंवा काही अंशी मरतो. पुढच्या दोन ते चार-पाच वर्षांत शरीर तोच गोळा पुन्हा घडवते. मोठ्या माणसाच्या खुब्यात असे मेलेले हाड क्वचितच सुधारते, मुलाच्या खुब्यात मात्र ते जवळजवळ नेहमी भरून येते. त्यामुळे हाड भरेल की नाही, याची काळजी या आजारात फारशी नसते. काळजी असते ती भरून आलेल्या हाडाच्या आकाराची. उखळीच्या सांध्यात गोल गोळा हवा. तो चपटा किंवा छत्रीसारखा पसरट झाला तर सांधा आज चालतो, पण वेळेआधी झिजतो. मुलावर शस्त्रक्रिया करायची की लक्ष ठेवून थांबायचे, हा सगळा विचार त्या आकारापायी करावा लागतो.

आजाराची सुरुवात इतकी किरकोळ दिसते की महिना-दोन महिने कोणी तिला आजार म्हणत नाही. वय बहुधा चार ते आठ. मुलींपेक्षा मुलांमध्ये हा आजार चार-पाच पट जास्त आढळतो, आणि ही मुले बरेचदा अंगाने बारीक, वयापेक्षा लहान दिसणारी आणि एका जागी न बसणारी असतात. सकाळी मूल नीट चालते, संध्याकाळी खेळून आले की लंगडते. कुठे दुखते विचारले तर गुडघा दाखवते. खुब्याला आणि गुडघ्याला संवेदना पुरवणाऱ्या नसा काही अंशी एकच असल्याने खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवते. मग गुडघ्याला तेल चोळले जाते, पट्टा बांधला जातो, गुडघ्याचा एक्स-रे निघतो आणि त्यात काहीच सापडत नाही. घरात पहिली खरी शंका पुष्कळदा जेवताना येते. मूल मांडी घालून बसले की एका बाजूचा गुडघा जमिनीकडे उतरत नाही, वरच राहतो. आई तो हाताने खाली दाबू पाहते, तेव्हा मूल अंग चोरते.

डॉक्टरांच्या टेबलावर हीच गोष्ट मोजून पाहिली जाते. मुलाला पाठीवर झोपवतात. एक हात कमरेच्या हाडावर ठेवून कंबर हलू देत नाहीत आणि दुसऱ्या हाताने एकेक पाय हळूहळू बाहेर नेतात. निरोगी पाय सहज उघडतो. दुखरा पाय थोडा जातो आणि थांबतो. त्याला अजून न्यायचा प्रयत्न केला तर पाय जात नाही, कंबर तिरकी होते. पाय आतल्या बाजूला वळवतानाही तसेच होते. या दोन हालचाली, पाय फाकवणे आणि आत वळवणे, आजाराच्या संपूर्ण काळात पुन्हा पुन्हा तपासल्या जातात. एक्स-रेत बदल दिसण्याआधी पुष्कळदा त्याच बदल सांगतात, म्हणून त्या अंशांची नोंद दर भेटीत करणारा डॉक्टर भेटणे ही मुलाच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट असते.

रक्तपुरवठा का तुटतो, याचे पक्के उत्तर वैद्यकाला सापडलेले नाही. चार ते आठ या वयात गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या वाटा थोड्या असतात. मुख्य भार हाडाच्या मानेच्या मागून वर चढणाऱ्या बारीक धमन्यांवर असतो आणि वाढीची चकती मधे असल्याने खालच्या हाडातून गोळ्यात रक्त जात नाही. हे सगळ्याच मुलांचे असते, आजार मात्र थोड्यांनाच होतो. लिव्हरपूलमध्ये गरीब वस्त्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. मणिपालच्या बेंजामिन जोसेफ आणि सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात दक्षिण भारतात केलेल्या पाहणीत सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या किनारपट्टीवर, उडुपीच्या आसपास, हा आजार इतर भागांपेक्षा ठळकपणे जास्त दिसला. तिथल्या मुलांना तो युरोपातल्या मुलांपेक्षा थोड्या मोठ्या वयात होत होता. या सगळ्यातून आई-वडिलांना घेण्यासारखे एकच आहे: पडल्यामुळे, पळू दिल्यामुळे किंवा दूध कमी प्यायल्यामुळे हे झालेले नसते. हे त्यांना कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगावे लागते, कारण आपले काय चुकले हा शोध घरात पहिल्या दिवसापासून सुरू असतो.

एकोणिसाव्या शतकात खुबा धरलेले लंगडते मूल म्हणजे हाडाचा क्षय, असेच समीकरण होते. 1895 मध्ये रोंटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि पंधरा वर्षांच्या आत काही डॉक्टरांना त्या क्षयाच्या गर्दीत वेगळीच मुले दिसू लागली. या मुलांना ताप नव्हता, पू नव्हता, सांधा आखडून जात नव्हता, आणि ती आपोआप बरी होत होती. 1909 मध्ये स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रॉम यांनी हे चित्र नोंदवले, पण त्यांनी त्याला क्षयाचाच सौम्य प्रकार मानले. 1910 मध्ये बोस्टनचे लेग, फ्रान्सचे काल्व्हे आणि जर्मनीचे पर्थेस यांनी स्वतंत्रपणे तो आजार निराळा असल्याचे मांडले. काल्व्हे ज्या बेर्क गावात काम करत, तिथे समुद्राच्या हवेसाठी हाडाच्या क्षयाची मुले आणून ठेवली जात. ज्यांना क्षय नव्हताच, अशी किती मुले तिथे त्याआधी वर्षानुवर्षे खाटेला बांधून पडली असतील, हा विचार मनातून जात नाही.

भारतात ही ओळख आजही तितक्याच काळजीने पटवावी लागते. खुब्याचा क्षय इथे अजून आहे, आणि तो पर्थेस समजून सोडून दिला तर सांधा हातचा जातो. विदर्भात आणि नंदुरबार-गडचिरोलीसारख्या आदिवासी पट्ट्यांत सिकलसेलमुळेही मुलांच्या खुब्याचा गोळा मरतो आणि एक्स-रेत तो पर्थेससारखाच दिसतो. दोन्ही खुबे एकाच वेळी, एकसारखे बिघडलेले दिसले तर थायरॉइडची कमतरता किंवा हाडांच्या वाढीचा जन्मजात दोष शोधावा लागतो. पर्थेस दोन्ही बाजूंना होऊ शकतो, दहा-पंधरा टक्के मुलांना होतोही, पण दोन्हीकडचे टप्पे सहसा पुढेमागे असतात. रक्ताच्या साध्या तपासण्या आणि थोडा संशय एवढ्याने हे घोळ टळतात. निरीक्षण की शस्त्रक्रिया, हा प्रश्न त्यानंतरचा.

वाल्डेनस्ट्रॉम यांनी पुढे आजाराचे टप्पे लावून दिले आणि आजही तेच क्रम धरून बोलले जाते. पहिल्या टप्प्यात मेलेला गोळा एक्स-रेत थोडा लहान आणि जास्त पांढरा दिसतो. आकार अजून गोलच असतो. दुसऱ्या टप्प्यात शरीर मेलेले हाड खाऊन टाकू लागते, आणि गोळा तुकड्यातुकड्यांचा, मधे काळ्या फटी पडलेला दिसतो. आई-वडिलांना सर्वांत घाबरवणारा एक्स-रे हाच. तिसऱ्या टप्प्यात कडेने नवे हाड भरत येते आणि चौथ्यात गोळा पक्का होतो. दुसरा टप्पा साधारण वर्षभर चालतो, तिसरा त्याहून लांबतो. मूल मात्र याच क्रमाने आजारी दिसत नाही. एक्स-रे सर्वांत वाईट असताना ते कधी कधी मजेत उड्या मारत असते.

धोका असतो तो दुसऱ्या टप्प्यात. जुने हाड विरघळलेले आणि नवे तयार न झालेले, अशा मधल्या काळात गोळा मऊ असतो. स्नायूंच्या ओढीने आणि चालण्याच्या भाराने तो दबतो, आणि दबलेला भाग खुब्याच्या वाटीबाहेर सरकू लागतो. मोदकाच्या साच्यात उकड पूर्ण बसली तरच कळ्या नीट उमटतात, कडेबाहेर राहिलेली उकड वेडीवाकडी फुगते. मऊ गोळ्याचे वाटीत तसेच होते. वाटीच्या कडेबाहेर राहिलेल्या भागाला टेंगूळ येते, वाटीची कड त्यात रुतते, आणि मग पाय फाकवताना गोळा आत फिरण्याऐवजी बिजागरीसारखा कडेवर अडकतो. तिथवर गोष्ट गेली की साधे उपाय संपतात.

विसाव्या शतकाचा पहिला अर्धा भाग भार टाळण्याच्या कल्पनेवर गेला. मूल उभेच राहू द्यायचे नाही, म्हणजे गोळा दबणार नाही. मुले दोन-दोन वर्षे रुग्णालयात झोपून राहिली, पाय खांद्याच्या पट्ट्याला अडकवून कुबड्यांवर चालली. शाळा बुडाली, सोबती दुरावले, मांडीचे स्नायू वाळले, आणि गोळ्याच्या आकारात त्या प्रमाणात फरक पडला नाही. उताणे पडलेल्या मुलाच्या खुब्यावरही स्नायूंचा दाब असतोच. मग विचार उलटा झाला: भार असू दे, पण गोळा वाटीत पूर्ण असू दे. टोरंटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी या विचाराला मोठा आधार दिला. मऊ गोळा वाटीचा आकार घेतो, तर वाटीलाच साचा करावे, हे त्याचे सूत्र. पाय फाकवले की गोळ्याचा बाहेरचा भाग आत येतो, म्हणून मॉन्ट्रियलच्या पेट्री यांनी दोन्ही पाय प्लॅस्टरमध्ये घालून मधे आडवी काठी बसवली आणि मुलांना तसेच चालायला लावले. पुढे कमरेचे पट्टे आले, ज्यांत मूल पाय फाकवून धावूही शकत असे. काही वर्षांनी त्यांचे निकाल तपासले तेव्हा ते निराशाजनक निघाले, आणि आज ते मागे पडले आहेत.

शस्त्रक्रियाही हेच काम करते, फक्त कायमचे. एका प्रकारात मांडीचे हाड गोळ्याच्या खाली कापतात, गोळा वाटीत आत वळेल असा कोन देतात आणि प्लेट-स्क्रूने बसवतात. दुसऱ्या प्रकारात कमरेचे हाड कापून वाटीच गोळ्यावर ओढून घेतात. सॉल्टर यांनी जन्मतः निखळलेल्या खुब्यासाठी काढलेली शस्त्रक्रिया यातलीच. मोठ्या किंवा जास्त बिघडलेल्या मुलात कमरेचे हाड तीन ठिकाणी कापावे लागते, किंवा वाटीला हाडाची पडवी जोडावी लागते. यांतली कुठलीही शस्त्रक्रिया मेलेल्या गोळ्यात रक्त आणत नाही. हे आई-वडिलांना पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. शस्त्रक्रिया म्हणजे बिघडलेले दुरुस्त करणे, असा आपला समज असतो, आणि इथे तर बिघडलेल्या भागाला हातही न लावता चांगले हाड कापायचे असते. गोळा बरा व्हायचा तो त्याच्या गतीनेच. शस्त्रक्रिया त्याला तोवर योग्य जागी धरून ठेवते.

तिची किंमतही मोजावी लागते. भूल, कित्येकदा कमरेपासून पायापर्यंत प्लॅस्टर, काही आठवडे पाय न टेकणे, शाळेतली सुट्टी, पुढे वर्षभराने प्लेट काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया. मांडीच्या हाडाला कोन दिल्याने पाय थोडा आखूड होतो, खुब्याचे स्नायू कमजोर होऊन काही काळ लंगडणे वाढते. लहान मुलात हा कोन वाढीबरोबर बराच भरून निघतो, मोठ्या मुलात कमी. जो गोळा आपोआपच गोल झाला असता, त्या मुलाला यातले काहीही सोसायला लावणे अन्यायाचे ठरते. आणि अशी मुले थोडी नसतात. निम्म्याहून जास्त मुले मोठ्या उपचारांविना चांगली बरी होतात, असे या विषयातले जुनेजाणते लोक सांगत आले आहेत.

मग कोणाला कापायचे? 1971 मध्ये इंग्लंडच्या कॅटरॉल यांनी गोळ्याचा किती भाग मेला यावरून चार गट पाडले आणि धोक्याच्या खुणा सांगितल्या. 1992 मध्ये अमेरिकेच्या हेरिंग यांनी गोळ्याच्या बाहेरच्या खांबाकडे लक्ष वेधले: तो उंचीने शाबूत असेल तर अ, निम्म्याहून अधिक उरला असेल तर ब, निम्म्याहून खाली बसला असेल तर क. 2004 मध्ये त्यांच्या गटाने चारशेहून अधिक मुलांचा अनेक केंद्रांवरचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. आजार सुरू होताना वय आठच्या वर आणि खांब ब किंवा ब-कच्या सीमेवर असेल, तर शस्त्रक्रियेने फायदा होतो. आठच्या आतल्या ब गटातल्या मुलांचे कसेही केले तरी चांगले होते. क गटात कसेही केले तरी निकाल बहुधा वाईट येतो. 2008 मध्ये नॉर्वेतल्या देशभरच्या नोंदींवरून निघालेला निष्कर्ष थोडा वेगळा होता: वय सहाच्या वर आणि निम्म्याहून जास्त गोळा मेलेला असेल, तर मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया व्यायाम आणि पट्ट्यापेक्षा सरस ठरते, सहाच्या आत तिन्ही सारखेच. या दोन अभ्यासांच्या मधे, सहा आणि आठच्या दरम्यान, जी मुले येतात त्यांच्यासाठी पुस्तकातले उत्तर थांबते. सात वर्षांचा मुलगा समोर असेल तेव्हा दोन चांगले डॉक्टर दोन वेगळी मते देतात, आणि दोघेही प्रामाणिक असतात.

खरी अडचण याहून खोल आहे. हेरिंगचा खांब मोजायचा तो गोळा तुटू लागल्यावर. त्याआधी तो निश्चित दिसत नाही. पण वाटीला साचा म्हणून वापरायचे तर गोळा तुटून चपटा होण्याआधीच तो आत घ्यायला हवा. मणिपालच्या जोसेफ यांच्या कामाने हे नेमके दाखवले. त्यांनी वाल्डेनस्ट्रॉमच्या टप्प्यांचे आणखी बारीक भाग केले आणि 2003 मध्ये मांडले की पहिल्या टप्प्यात, फार तर दुसऱ्याच्या सुरुवातीला केलेली शस्त्रक्रिया गोळा गोल ठेवण्याची शक्यता पुष्कळ वाढवते, नंतर केलेली नाही. पहिल्या टप्प्यात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे एक तृतीयांश खुब्यांत गोळा तुकडे होण्याचा टप्पाच टळला. म्हणजे खात्री होईपर्यंत थांबले तर उपायाची वेळ निघून जाते, आणि वेळेत उपाय केला तर तो गरजेचा होता की नाही हे कधीच कळत नाही. अलीकडे रंगद्रव्य टोचून केलेल्या एमआरआयमध्ये गोळ्याचा किती भाग रक्ताविना आहे हे लवकर दिसू लागले आहे, त्याने ही कोंडी थोडी सैल झाली आहे. सुटलेली नाही.

म्हणून निरीक्षण म्हणजे काही न करणे, हा समज सर्वांत घातक. निरीक्षणात दर तीन-चार महिन्यांनी एक्स-रे असतो, पाय फाकवण्याचे अंश मोजणे असते, दुखून आले तर आठवडाभर विश्रांती आणि कुबडी, हालचाल आखडली तर पाय ताणून ठेवणे किंवा काही आठवड्यांचे प्लॅस्टर असते. घरात रोज संध्याकाळी सतरंजीवर पाय फाकवण्याचा व्यायाम करावा लागतो. धावणे, उड्या, कबड्डी, खो-खो बंद; पोहणे आणि सायकल चालू. सहा वर्षांच्या मुलाला मैदानाच्या कडेला बसवून ठेवणे हे एखाद्या गोळीइतके सोपे नसते, आणि वर्षभर ते जमवणाऱ्या घराचे कष्ट कागदावर कुठेच दिसत नाहीत. यात एक पथ्य मात्र काटेकोर पाळावे लागते: गोळा वाटीबाहेर सरकताना दिसला किंवा फाकवण्याची हालचाल घटतच गेली, तर त्या दिवशी निरीक्षण संपले असे धरायचे. भेट चुकवून सहा महिन्यांनी आलेले मूल ती वेळ गमावून आलेले असते. गावाहून शहरात एक्स-रेला यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे पडते. अशा घरासाठी निरीक्षणापेक्षा वेळेत केलेली शस्त्रक्रिया कधी कधी अधिक सुरक्षित ठरते. हा विचार कोणत्याही वर्गीकरणात बसत नाही, पण इथल्या डॉक्टरला तो करावाच लागतो.

हाडवैद्याकडे नेऊन खुबा बसवून आणण्याचा सल्ला बहुतेक घरांत कोणीतरी देतो. निखळलेले काही नसते, त्यामुळे बसवण्यासारखेही काही नसते, आणि मऊ गोळ्यावर जोराने केलेली ओढाताण नुकसान करू शकते. आजी-आजोबांच्या सांगण्यामागे माया असते. त्यांना एक्स-रे समोर धरून दाखवला तर ते बहुधा ऐकतात. आई-वडिलांचा प्रश्न मात्र ठरलेला असतो. सगळे आकडे, गट, टप्पे ऐकून झाल्यावर ते विचारतात, “डॉक्टर, तुमचं मूल असतं तर तुम्ही काय केलं असतं?” या प्रश्नाला टाळाटाळ करणे म्हणजे त्यांना एकटे सोडणे. चांगला डॉक्टर उत्तर देतो, आणि दुसरे मत घेण्याचा रस्ताही दाखवतो. पाच वर्षांच्या आतल्या मुलाबाबत तो बहुधा थांबू म्हणेल. नऊ वर्षांच्या, अजून गोल गोळा असलेल्या मुलाबाबत तो लवकर करू म्हणेल. बारा वर्षांच्या मुलात हा आजार मोठ्यांच्या आजारासारखा वागतो आणि गोळा वाटीत घेण्याच्या शस्त्रक्रियेचा उपयोग थोडाच होतो. मुलींना हा आजार कमी होतो, पण त्यांची हाडे लवकर पक्की होत असल्याने गोळ्याला स्वतःला सावरायला कमी वर्षे मिळतात, म्हणून त्याच वयाच्या मुलापेक्षा मुलीबाबत निर्णय थोडा अलीकडे आणावा लागतो.

निर्णय कोणताही झाला तरी पाठपुरावा हाडांची वाढ संपेपर्यंत चालतो. वाढीची चकती दुखावली गेली असेल तर पायांच्या लांबीत फरक पडतो. तो जास्त असेल तर निरोगी पायाची वाढ योग्य वयात थांबवून लांबी जुळवता येते. सोळा-सतराव्या वर्षी काढलेल्या एक्स-रेवर अमेरिकेच्या स्टुलबर्ग यांनी 1981 मध्ये सांगितलेली पाच प्रकारांची प्रतवारी लावतात. गोळा गोल असेल तर सांधा आयुष्यभर साथ देण्याची शक्यता मोठी. गोळा लंबगोल असला तरी वाढत्या वयात वाटीही त्याच्याबरोबर लंबगोल झाली असेल, तर पन्नाशीपर्यंत बहुधा तक्रार येत नाही. गोळा चपटा आणि वाटी गोल राहिली असेल, तर झीज त्याआधीच सुरू होते आणि सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया लवकर विचारात घ्यावी लागते. सहाव्या वर्षी घेतलेल्या निर्णयाचा हिशेब असा चाळीस वर्षांनी लागतो, आणि तोवर तो घेणारे आई-वडील सत्तरी ओलांडलेले असतात.